पंचेचाळीस माणसांची हवा

यादी जिन्याखालच्या फळ्यावर लावली होती आणि माझ्याआधी ती दूधवाल्याने वाचली. तो आमच्या इमारतीत राहत नाही. त्याचे नाव त्यात असायचा प्रश्नच नव्हता, म्हणून दुसऱ्याच्या मुलाचा निकाल वाचावा तशी त्याने ती निवांत वाचली असणार. मी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होतो, तर खालूनच म्हणाला, "काका, काकू आत आहेत हो! एकतीस नंबर." मी म्हटले, "कुठली काकू?" तो म्हणाला, "तुमचीच की. खोली चौदा. तुमच्या खोलीत अजून कुणी काकू आहे का?" आणि स्वतःच हसला. मी शेवटची पायरी उतरलो आणि बोट लावून वाचू लागलो. अक्षर मला उशिरा आले, बेचाळिसाव्या वर्षी, कामगारांच्या वर्गात. अजूनही बोट लावल्याशिवाय ओळ हलते. तीस नंबरला विजेची कामे करणारा होता. एकतीस नंबरला माझी बायको. खाली चौतीसपर्यंत जाऊन पुन्हा वर आलो. मी नव्हतो. नसणार हे ठाऊक होते, तरी पाहिले. मग पुन्हा एकतीसवर बोट ठेवले. तिथे तिचे पूर्ण नाव होते, माझ्या आडनावासकट, आणि चाळीस वर्षांत जे मी तोंडाने उच्चारलेले नाही ते पहिले नाव कुणीतरी ठळक शाईने लिहिले होते. दूधवाला म्हणाला, "नशीबवान आहात काका." मला आनंद झाला नव्हता.

कारखान्याच्या वायूच्या टाकीला चीर गेली त्याला तेव्हा बारा दिवस झाले होते. दुरुस्ती महिनाअखेरपर्यंत चालणार, तोवर भोंगा कधीही होऊ शकतो, असे कारखान्याने कळवले होते. ज्यांना जायला जागा होती ते गेले. आमच्या इमारतीत उरलो ऐंशी माणसे, ज्यांना कुठेच कुणी नाही असे. गावाबाहेर जाणारा एकच रस्ता, तो टाकीच्या कुंपणाला लागून जातो. भोंगा झाल्यावर त्या रस्त्याने पळणे म्हणजे वायूच्या तोंडातच जाणे. म्हणून तळघरातली कोळशाची जुनी खोली साफ केली, दाराला रबर बसवले, फटी बुजवल्या. वायू चार तासांत वाऱ्यावर निघून जातो म्हणतात. चार तास दार बंद ठेवून आत किती माणसे श्वास घेऊ शकतील, हे ठरवायचे काम माझ्याकडे आले, कारण एकतीस वर्षे मी बॉयलरवर होतो, आणि हवा, वाफ, धूर ह्यांचे ह्या इमारतीत मलाच कळते असे सगळे धरून चालतात. मी खोली फुटांनी मोजली, वीस माणसे दोन तास बसवून कंदिलाची ज्योत किती मंदावते ते पाहिले, मग कागदावर गुणाकार-भागाकार केले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना आकडा सांगितला. हे साहेब कारखान्याच्या कंट्रोलरूममध्ये इंजिनियर आहेत, इमारतीच्या समितीचे प्रमुखही तेच. आधी पोरे, मग त्यांच्या आया, मग ज्यांचा आत उपयोग होईल असे चारपाच जण, असे समितीने ठरवले. साठीच्या पुढचे कुणी नाही. ह्याला अपवाद एकच होता, आमच्याच इमारतीत राहणारा चष्मेवाला. हा वायू आधी डोळ्यांवर येतो. डोळे नीट धुतले नाहीत तर दृष्टी जाते. दार बंद व्हायच्या आत थोडा वायू शिरणारच, म्हणून पोरांचे डोळे धुवायला डोळ्यांतला जाणकार हवा.

मी एकाहत्तरचा, ती त्रेसष्टची. आम्ही दोघेही बाहेर. खरे सांगायचे तर मला बरे वाटले होते. खिडक्यांच्या फटीत ओल्या चादरी कोंबायच्या, मोरीत पाणी भरून ठेवायचे आणि कॉटवर शेजारी शेजारी बसायचे असे मी मनाशी ठरवून टाकले होते. ह्याच्यावर मी तिच्याशी बोललोही होतो. "कुठली चादर घ्यायची ते तू काढून ठेव," म्हटले होते. तिने "बरं" म्हटले होते. भोंगा व्हावा असे कुणाला वाटेल? पण त्या आठ-दहा दिवसांत, कॉटवर बसायच्या त्या चार तासांचा विचार करताना, मला कधी कधी लवकर होऊन जाऊ दे असेही वाटून गेले होते. पाळ्या करून करून माझे आयुष्य गेले. ती जागी तेव्हा मी झोपलेला, मी जागा तेव्हा ती. सलग चार तास आम्ही दोघे कधी बसलो असू असे आठवत नाही.

मी तिथूनच तिसऱ्या मजल्यावर चढलो. साहेब दाढी करत होते, अर्ध्या गालावर फेस. "काका, चूक नाही ती," ते म्हणाले आणि टेबलावरचा एक कागद माझ्यापुढे केला. चष्मेवाल्याचे पत्र. माझी जागा मी अमुक यांना देत आहे, आत माझ्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल. बस, दोन ओळी. एरवी हा माणूस तिला वहिनी म्हणतो. कागदावर वहिनी नव्हती, तिचे नाव होते. काना-मात्रेसकट, न अडखळता लिहिलेले. साहेब आरशात बघत म्हणाले, "मोठ्या मनाचा माणूस. समितीनं ठरवलंय, कुणी गळलं तर बाहेरच्यांत पहिला नंबर त्याचा. बाकीचे वयानं, लहान आधी." मी विचारले, "आणि शेवटचा?" ते थोडे ओशाळले. "तुम्हीच की काका. इमारतीत सगळ्यांत वडील तुम्ही." मग माझे तोंड पाहून, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "जागाच थोडी, काय करणार? तुम्ही पंचेचाळीस सांगितलेत. मी त्यातला पाव काढला आणि चौतीस धरले. जिवाशी गाठ आहे, एवढं हातचं राखायलाच हवं."

मी दाराची चौकट धरली. कारण पाव मी आधीच काढला होता. माझा खरा आकडा साठ आला होता. आमच्या बॉयलरवर तोंडातून बाहेर पडणारा प्रत्येक आकडा पाव काढूनच बाहेर पडतो, आणि पाव काढला आहे हे सांगायचे नसते. माझ्या उस्तादाने हे मला पहिल्या आठवड्यात कानाला धरून शिकवले. पाव शिल्लक आहे असे कळले की वरचे लोक तो मागतात, आणि मागितला की एक दिवस बॉयलर फुटतो. म्हणून भट्टीवरचा माणूस गप्प राहतो. कंट्रोलरूमच्या माणसाला हे कुठून माहीत असणार? त्याने आपला पाव वेगळा काढला. एकाच हवेतून दोनदा पाव राखून ठेवला. अकरा माणसे बसतील एवढी जागा त्या खोलीत मोकळी होती आणि हे जगात फक्त मला ठाऊक होते. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? साहेबांचा दुसरा गाल व्हायच्या आत सांगून झाले असते. पण अकरांतला पहिला कोण, ते त्यांनीच मला आत्ता सांगितले होते. मी म्हटले, "बरोबर आहे, राखायलाच हवं," आणि खाली उतरलो.

चष्मेवाल्याचे दुकान कारखान्याच्या फाटकासमोर. तीस वर्षांपूर्वी तिला सुईत दोरा ओवता येईना म्हणून मीच तिला तिथे नेले. मी पाळी संपवून आलो होतो, अंगाला राख, म्हणून आत न जाता बाहेरच्या बाकावर बसलो आणि काचेतून बघत राहिलो. तो तिच्या डोळ्यांसमोर एक काच धरायचा, काढायचा, दुसरी धरायचा. काचेपलीकडून आवाज बारीक यायचा. "ही बरी, की ही?" "पहिली." "घाई नको. पुन्हा बघा. ही, की ही?" वीस वेळा तरी विचारले असेल. मी मोजले नाही, पण मला अजून वाटते की वीस. त्या आधी आणि नंतर तिला कुणी एवढ्या वेळा विचारले असेल की तुला काय बरे वाटते? मी तर एकदा विचारायचो आणि उत्तर यायच्या आत ठरवायचो. मग त्याने चष्मा चढवला, दोन्ही हातांची बोटे तिच्या कानांमागे नेली, दांड्या जराशा वाकवल्या, पुन्हा चढवल्या. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि हसली. भिंतीकडे बघून हसली, त्याच्याकडे नाही, हे मी तेव्हाही स्वतःला सांगितले होते. पुढे ती दुपारी त्याच्या दुकानात काच घासायला जाऊ लागली. त्याला आता अकरा वर्षे झाली. घरी आल्यावर तिच्या बोटांना काचेच्या पिठाचा पांढरा लेप असतो आणि नखांना ओल्या दगडासारखा वास. मी कधी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच, हेच तर खुपत होते. काही असते तर निदान भांडता आले असते.

साहेबांकडून खोलीत आलो तेव्हा ती खिडकीशी उभी राहून चादरीच्या घड्या घालत होती. आम्ही काढून ठेवलेल्याच चादरी. मी म्हटले, "तुला ठाऊक होतं?"

"त्यांनी विचारलं होतं."

"कधी?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

"मग? शनिवार आहे तर काय?"

"तू हो म्हणालीस?"

"मी नाही म्हणाले. त्यांनी तरी दिली. आता फळ्यापाशी उभी राहून ओरडू का, मला नको मला नको म्हणून?" तिने घडीवर हात फिरवला. "एक विचारू? मी वाचणार म्हणून तुम्हाला राग आलाय, की त्यांनी वाचवलं म्हणून?"

मी गुडघ्याला तेल लावू लागलो. बायकोने असे काही विचारल्यावर गुडघ्याला तेल लावणे हे माझे फार जुने उत्तर आहे. ती म्हणाली, "दोन्ही गुडघे दुखतायत का आज?" आणि चादरी कपाटात टाकून दिल्या.

रविवार गेला, सोमवार गेला. मी जिन्यावर बसून राहायचो आणि वरखाली करणाऱ्यांना मनात मोजायचो. यादीबाहेर वयाने सगळ्यांत लहान असे दहा जण कोण, ते मला आता पाठ झाले होते. वेल्डिंगच्या शॉपमधले दोघे भाऊ. शिवणकामाच्या कारखान्यातल्या चौघी, एका खोलीत राहणाऱ्या. टायपिंग शिकणारा एक. दोन नळकाम करणारे. आणि कारखान्याच्या टेलिफोनवर बसणारी, एकोणीस वर्षांची, जी मला आजोबा म्हणते आणि जिन्यावरून जाताना रोज काहीतरी टोमणा मारते. "आजोबा, पायऱ्या मोजताय? पळून नाही जाणार त्या." मी हसायचो. आणि मग ती वळणावर दिसेनाशी झाली की वाटायचे, मी ह्या पोरीला मारतो आहे. चष्मेवाला आत जाऊ नये म्हणून मी हिला बाहेर ठेवतो आहे. हे शब्द मी मनात असेच्या असे, स्पष्ट म्हणायचो, आणि तरी उठत नव्हतो. मी कारणे शोधत होतो. ज्योत कदाचित नीट दिसली नसेल. पोरे घाबरली की जास्त श्वास घेतात. दोनदा राखलेले एकदा राखलेल्यापेक्षा बरेच. प्रत्येक कारण खरे होते आणि एकही माझे नव्हते. माझे कारण एकच होते: तिच्या शेजारी, त्या बंद खोलीत, चार तास, तो. मला न मिळालेले ते चार तास. बाहेर मी मरून पडलेला, आणि आत अंधारात तो तिला विचारतो आहे, वहिनी, बरं वाटतंय का? आणि ती घाई न करता उत्तर देते आहे.

मंगळवारी सकाळी दहा वाजता सराव झाला. भोंगा वाजवला, चौतीस माणसे आत गेली, दार लावले. चाळीस मिनिटे लावून ठेवायचे ठरले होते. ज्यांची नावे नव्हती त्यांना यायचे कारण नव्हते, तरी काही जण जिन्यावर येऊन बसले होते. ती आत गेली तेव्हा हातात रबरी फुग्याची पिचकारी आणि पाण्याचे भांडे होते, आणि मागे पोरांची रांग. तिने माझ्याकडे पाहिले नाही. कामावर जाणारी माणसे बघत नाहीत, मीही कधी बघत नसे. दार लागले, रबर दबल्याचा फुस्स आवाज आला आणि चष्मेवाला माझ्या शेजारी येऊन पायरीवर बसला. मला आतून एक गोड कळ आली, खोटे कशाला बोलू? ती आत, आपण दोघे बाहेर. सारखे झालो.

टेलिफोनवाली वरच्या पायरीवर नखे खात बसली होती. "काय आजोबा, आपला बाहेरचा क्लब बरा आहे ना? गर्दी नाही, काही नाही."

चष्मेवाला म्हणाला, "तू कशाला आलीस इथं? कामावर जा."

"दार कसं लागतं ते बघायला आले. एकदा बघून ठेवलेलं बरं." ती हसली, आणि हसता हसता थांबली. 

चष्मेवाल्याने हात मांडीवर ठेवले होते, एकावर एक दाबून. मग वरचा उचलला आणि माझ्यासमोर धरला. हात कापत होता. थोडाथोडका नाही, वाऱ्यात कागद कापावा तसा. "तुम्ही रागावलायत," तो म्हणाला. "म्हणून दाखवतोय. दोन वर्षं झाली. ह्या हातानं पोराचा डोळा धुवायला गेलो तर डोळा फोडीन. वहिनींचा हात दगडासारखा आहे. दोन वर्षं दुकानातली प्रत्येक काच त्याच घासतायत. लोकांना माहीत नाही. लोकांना कळलं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून त्या कुणाला बोलल्या नाहीत."

"मलाही?"

"तुम्हालाही नाही? मला वाटलं सांगितलं असेल." तो खरेच चकित झाला. "अहो, तुमच्या नाकावरचा चष्मासुद्धा त्यांनीच घासलाय. तीनदा. दोनदा पसंत पडला नाही त्यांना. म्हणाल्या, ते बोट लावून वाचतात, त्यांना ओळ हलता कामा नये."

मी चष्मा काढला आणि हातात धरला. असे ऐकून दुसरा कुणी विरघळला असता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने माझ्यासाठी तीनदा काच घासली, आणि हे मला ह्याच्या तोंडून कळावे! आणि तो थांबेना. वहिनींना दमट हवेत खोकला येतो. वहिनी उभ्यानेच चहा पितात. काम अडले की वहिनी जिभेने दाताला टिकटिक करतात, ऐकलंय ना तुम्ही? मी ऐकले नव्हते. चाळीस वर्षांत नाही. तो बोलत होता, प्रेमाने नव्हे, तसे काही असते तर मला वासावरून कळले असते. नुसता एकाच बाकावर अकरा वर्षे काम केलेल्या माणसासारखा बोलत होता, जसा मी माझ्या जोडीला भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनविषयी बोलेन. आणि मला एकदम दिसले की खरा भोंगा होईल तेव्हाही हा माणूस इथेच, माझ्या शेजारी, ह्याच पायरीवर येऊन बसणार. डोळे जळत असताना, छाती भरत असताना, माझ्या कानाशी हा तिच्या गोष्टी सांगणार. मला माझ्या बायकोची ओळख करून देत देत हा मरणार आणि ती ऐकत ऐकत मी. त्याला बाहेर ठेवून मी मिळवले होते ते हेच.

मी उठलो. इतक्या झटकन उठलो की टेलिफोनवाली म्हणाली, "आजोबा, गुडघा!" साहेब दाराशी घड्याळ घेऊन उभे होते. मी त्यांना म्हटले, "पंचेचाळीसमधला पाव मी आधीच काढला होता. तुम्ही दुसऱ्यांदा काढलात. आत पंचेचाळीस बसतात."

त्यांना समजायला वेळ लागला. मग समजले, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "खात्रीनं?"

"ज्योतीवर हात ठेवून सांगतो."

"काका, यादी लागून चार दिवस झाले. चार दिवसांत भोंगा झाला असता तर? अकरा माणसं! शनिवारी माझ्या दारात उभे होतात तुम्ही. का नाही बोललात?"

"गुडघा दुखत होता," मी म्हटले.

 मग खिशातून कागद काढून तिथेच, भिंतीला टेकवून, त्यांनी अकरा नावे लिहिली. पहिले नाव लिहिताना मी दुसरीकडे पाहिले. टेलिफोनवालीला कुणीतरी सांगितले तेव्हा तिने टोमणा मारला नाही. पायऱ्या उतरून माझ्याकडे आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तो तसाच हलवत राहिली. मला तिचा हात सोडवून घ्यावासा वाटत होता. मी चांगुलपणाने बोललो नव्हतो. मला त्या माणसाच्या शेजारी मरायचे नव्हते, एवढेच. पण हे एकोणीस वर्षांच्या पोरीला कसे सांगणार?

दुपारी बायको घरी आली ती सगळे ऐकूनच आली. पदराने मान पुसत दारातच उभी राहिली. "पंचेचाळीस का आता?"

"हो."

"ते पण आत?"

"पहिलाच नंबर."

"आणि तुम्ही?"

"ऐंशीतला ऐंशीवा. अकरा काय, तीस वाढले तरी माझ्यापर्यंत येत नाही."

तिने पदराने पुन्हा मान पुसली. मला वाटले आता रडेल, किंवा चार दिवसांचे विचारेल. तिला ते कळले असणारच, तिला माझे सगळे कळते आणि मला तिची टिकटिकसुद्धा ठाऊक नाही. तिने काहीच विचारले नाही. खुर्ची ओढत मोरीपाशी नेली आणि म्हणाली, "बसा. मान मागं करा." मी बसलो. तिने चष्मा काढून घेतला. मग अंगठा माझ्या भुवईखाली आला, पहिले बोट डोळ्याखाली, आणि पापणी उघडी राहिली, मिटताच येईना. दुखत नव्हते. बोट खरेच दगडासारखे होते, थंड आणि न हलणारे. पाणी आले तेव्हा मी आक्रसलो.

"हलू नका. आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे. कधी उलटं नाही, नाहीतर दुसऱ्या डोळ्यात जातं. दर दहा मिनिटांनी. चार तास. जमेल ना?"

"हे त्यांनी शिकवलं?"

"हो."

"असंच? अंगठा इथं ठेवून?"

"तुम्हाला कशाला हवं ते?" ती म्हणाली. जराशाने, पाणी चालूच ठेवत, म्हणाली, "ते चिमटीनं धरायचे. मला नाही आवडलं. अंगठ्याचं माझं मी काढलंय."

पाण्यातून तिचा चेहरा फुटून फुटून दिसत होता.  खुपत अजूनही होते, पण थोडे कमी. तिने बोटे काढून घेतली, पिचकारी माझ्या हातात दिली आणि माझा अंगठा धरून माझ्याच भुवईखाली टेकवला.

"आता तुमच्या हातानं. मी नसेन तेव्हा."

मी दाबले. पापणी निसटली, पाणी गालावरून शर्टात गेले.

"पुन्हा," ती म्हणाली.